नागनाथने न केलेला जोड

नागनाथ त्या आठवड्यात आमच्या घरी आलाच नव्हता. एवढं एक वाक्य मी तीन वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, कचेरीत शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणाऱ्या मित्रालाही नाही. वाक्य साधं आहे. पण ते न बोलल्यामुळे काय झालं हे सांगायचं तर आधी नागनाथ सांगावा लागेल, आणि तिथेच माझी पंचाईत आहे. कारण त्याच्याबद्दल मला फार थोडं ठाऊक आहे. मोहोळच्या बाजूच्या एका खेड्यातला. सोलापुरात एका यंत्रमागाच्या कारखान्यात वायरिंग शिकला. आडनाव मला आजही माहीत नाही. सगळं जग त्याला नागनाथ वायरमन म्हणायचं आणि मीही तेच म्हणायचो.

माझं कुतूहल त्याच्या आयुष्याबद्दल नव्हतंच कधी. ते होतं त्याच्या कामाबद्दल. एक माणूस भिंतीच्या कडेनं वायर न्यायला इतका वेळ का लावतो, हे मला समजून घ्यायचं होतं.

आमचं घर जुळे सोलापुरात, सोळा फ्लॅटच्या इमारतीत. बिल्डरनं दिलेले पॉइंट कमी आणि आमच्या वस्तू जास्त, त्यामुळे टीव्हीची वायर, इंटरनेटची वायर, इन्व्हर्टरची वायर अशा सगळ्या फरशीवरून वाहत असायच्या. एकदा सुनीता, म्हणजे माझी बायको, आमटीचं पातेलं घेऊन त्यात अडखळली. पातेलं वाचलं, पण संध्याकाळी तिनं फर्मान काढलं की ह्या सगळ्या वायरी भिंतीलगत पट्टीत घालायच्या, नाहीतर टीव्ही विकायचा. प्लॅस्टिकची ती पांढरी पट्टी तुम्ही पाहिलीच असेल, खाली खाच आणि वर झाकण. तळमजल्यावरच्या कांबळे सिस्टरांनी नागनाथचं नाव सांगितलं.

तो आला तेव्हा दारातच भांडण होता होता राहिलं. बाहेरच्या चपला त्यानं नीट कोपऱ्यात काढल्या, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दुसऱ्या रबरी चपला काढल्या, त्या पायात घातल्या आणि सरळ बैठकीत शिरला.

"अहो, अहो! घरात चपला?" सुनीता.

"धुतलेल्या हायती, वैनी. ह्या रस्त्यावर घालत न्हाय, शेतात घालत न्हाय, माझ्या घरातबी घालत न्हाय. फक्त लोकांच्या घरात घालतो."

"पण देवघर तिथंच आहे ना समोर."

"देवाला सांगा, वायरमन हाय म्हणून. त्यो समजून घील."

सुनीताला हसू आलं आणि विषय मिटला. पुढं इमारतीत कुणाच्याही दाराशी वर्तमानपत्राची ती घडी पडलेली दिसली की आत नागनाथ आहे हे समजायचं.

आत येऊन त्यानं ड्रिल काढलं नाही, टेस्टर काढला नाही. फरशीवर मांडी घातली आणि भिंतीकडं बघत बसला. चांगली दहा मिनिटं. मग म्हणाला, "फरशी पुसा."

"सकाळीच पुसलीय की."

"परत पुसा. मला बघायचंय."

पद्मा आमच्याकडं कामाला येते. घरी तेलुगू बोलणारी, आमच्याशी मराठी, आणि रागावली की दोन्ही. तिला वाटलं, हा माणूस आपल्या कामाला नावं ठेवतोय. "माझ्या पुसण्यात काय खोट आहे, सांगा की! सांगा!"

"खोट न्हाय ओ बाई. तुमचा हात भिंतीवर कुटवर जातो त्ये बघायचंय. रोज जसं पुसता तसं पुसा. मी हाय म्हणून चांगलं नका पुसू."

पद्मानं पुसलं. हा कानामागची पेन्सिल घेऊन तिच्या मागं मागं रांगत निघाला आणि फडक्याचं पाणी जिथं जिथं उडालं तिथं बारीक रेघ मारत गेला. भिंतीच्या पायाशी फरशीचीच चार इंची पट्टी होती, तिला सगळे स्कर्टिंग म्हणतात. तिच्यावरही दोन बोटं पाणी चढलेलं होतं.

"बघा मालक. सगळे सांगतात, स्कर्टिंगला चिकटून पट्टी मारा, दिसाय झ्याक दिसतं. दिसतंय की. पर रोज तिला आंगुळ. आपन चार बोटं वर मारू. घर कुणाचं का आसंना, खालच्या वितभर भिंतीची मालकीण ही बाई हाय."

पद्मा तेव्हापासून त्याची झाली. त्याला बिनसाखरेचा चहा लागतो हे तिच्याच लक्षात राहायचं.

तो प्रश्न फार विचारायचा. वायरमननं विचारू नयेत असे. हितं कोण बसतं? खुर्ची मागं सरकवायची सवय कुणाला हाय? पोरगी गृहपाठ पोटावर पडून करती का बसून? कपाट दिवाळीला हलवता का? उत्तरं ऐकून पट्टीचा रस्ता बदलायचा. दार आलं की वायर उंबऱ्यावरून किंवा पायपुसण्याखालून कधीच नेणार नाही. चौकटीच्या कडेनं वर, डोक्यावरून आडवी, पलीकडून खाली. दुप्पट वायर, दुप्पट काम. विजेची पट्टी वेगळी, इंटरनेटची वेगळी, आणि दोघींत हातभर अंतर. "एका ताटात न्हाय वाढायचं दोघींला," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. पट्टीची टोकं तो पुट्टी भरून बंद करायचा, उंदरांसाठी. भिंतीत स्क्रूसाठी गिट्टी ठोकायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, टेस्टर लावून बघायचा आणि मग पुन्हा एकदा बघायचा.

"एकदा बघितलंत की," मी म्हणालो.

"त्ये करंट हाय का बघितलं. आता टेस्टर चालू हाय का बघतोय."

काम संपलं की घरातल्या सगळ्यांना एका रांगेत उभं करायचा. खरंच उभं करायचा. मग पट्टीच्या कडेनं चालत जाऊन दाखवायचा: ह्या भिंतीत हितून हितवर खिळा न्हाय, फोटो न्हाय, क्यालेंडर न्हाय. आणि पोरांकडून म्हणून घ्यायचा. आमची ऋतुजा तेव्हा चौथीत होती. तिनं ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं हात पुढं करून म्हटलं होतं. नागनाथही गंभीरपणे हात पुढं करून उभा राहिला होता.

इमारतीत त्याचं खरं नाव झालं ते मात्र वासावरून. दुसऱ्या मजल्यावर हिरेमठ काकू राहतात, घरात कांदासुद्धा मोजून. एका सकाळी त्यांना घरात मासळीचा वास यायला लागला. वास खालून येतो म्हणजे कांबळे सिस्टरांकडूनच, असं त्यांनी ठरवलं आणि जिन्यातूनच सुरुवात केली. "आज वार तरी बघायचा की हो!" सिस्टर नुकत्याच ड्यूटीवरून आलेल्या. "काकू, माझ्याकडं कालपासून गॅस नाही. चहासुद्धा नाही प्यायले मी. मासळी काय उन्हात तळू?" दोघींच्या आवाजानं दारं उघडली. योगायोगानं नागनाथ आमच्याकडं आलेला. तो चपलांची घडी उचलून वर गेला आणि हिरेमठांच्या बैठकीत भिंतीच्या कडेनं नाक लावून रांगत निघाला. सगळी इमारत दारात उभी राहून बघतेय. फ्रिजच्या मागं तो थांबला.

"काकू, मासा घावला."

"शिव शिव! कुठंय?"

"ह्या सॉकेटात. वायर ढिली हाय, आतलं प्लॅस्टिक भाजतंय. त्येचा आसाच वास येतो. आनखी दोन दिवस भांडला आसता तर पेटलं आसतं."

हिरेमठ काकूंनी त्या दिवशी सिस्टरांना चहा पाजला. आणि तेव्हापासून इमारतीत कुणाला कसलाही वास आला, अगदी करपलेल्या दुधाचा आला, तरी पोरं ओरडायची, "नागनाथला बोलवा!"

त्याचं एक वाक्य होतं, ते तो दर कामात एकदा तरी म्हणायचाच. वायर झाकायची, जोड झाकायचा न्हाय. वायर अखंड असेल तर पट्टीत घाला, भिंतीत घाला, काही होत नाही. दोन वायरी एकमेकींना पिळून जोडल्या की ती जागा कमजोर. ती उघड्या डबीत, हाताला लागेल आणि डोळ्याला दिसेल अशी ठेवायची. वायर कमी पडली तर तो तुकडा जोडायचा नाही, नवी अख्खी वायर आणायचा.

मी एकदा विचारलं, "नागनाथ, एवढं कशाला? चांगली टेप गुंडाळली की झालं." तो तेव्हा आमच्या जिन्यात बसून डबा खात होता. कडक भाकरी मोडत म्हणाला, "मीबी येकदा झाकलाय जोड."

चुलतभावाच्या घरी, गावाकडं. नवीन घर, उद्या वास्तुशांत, वायर हातभर कमी पडली. त्यानं जोडली, टेप मारली आणि पट्टीत घालून झाकण बसवलं.

"मग?"

"मग काय न्हाय."

"काहीच झालं नाही?"

"न्हाय की. अकरा वर्सं झाली, काय न्हाय. दरसाल जत्रंला जायचो, आदी त्या भिंतीला हात लावून बघायचो, गरम हाय का. लोकास्नी वाटायचं, लई भावाचं प्रेम. काय झालं न्हाय म्हणूनच तर मला निवांत झोप लागंना. झालं आसतं तर येकदाच झालं आसतं." भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत राहिला. "श्येवटी येका जत्रंला सांगितलं. म्हणलं, दादा, त्या भिंतीत माझी चूक हाय. मला काढू दे."

"काय म्हणाला भाऊ?"

"त्यो हसला. वैनीनं चार शिव्या घातल्या, पोरं हितं झोपत्यात म्हणाली, मेल्या. खरंच हाय की. मग मी पट्टी काढली, नवी वायर टाकली. मग तिनंच जेवाय वाढलं."

हे त्यानं मला सांगितलं. मला. पुढं जे झालं त्याच्या साताठ महिने आधी.

आता माझं.

मार्च संपत आला होता आणि सोलापुरात त्या दिवसांत घरात बसणं म्हणजे काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आम्ही मोठा कूलर घेतला. तो खिडकीत बसवायचा तर जवळ पॉइंट नव्हता. नागनाथला फोन केला. तो म्हणाला, "टीव्हीच्या पट्टीतनं काडू नका. मी ईतो, बोर्डापासनं वेगळी अडीचची जाड वायर टाकतो. गावाकडं ज्वारीची रास चालू हाय, आठ दिवस थांबा."

सुनीता ऋतुजाला घेऊन माहेरी माढ्याला गेली होती, तीही आठ दिवसांसाठी. घरात मी एकटा आणि खोक्यातला कूलर. मला वाटलं, एवढं काय आहे त्यात? नागनाथला इतके दिवस बघतोय. सगळं तर पाठ झालंय. सुनीता माझ्या हातच्या कामाला हसते. मी लावलेला खिळा दुसऱ्या दिवशी पडतो हे खरं आहे. ती परत येईल तेव्हा घर गार असेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

घरात एक जुनी बारीक वायर होती, टेबलफॅनची. टीव्हीच्या पट्टीचं झाकण काढलं, आतली वायर सोलली, तिला ही पिळून जोडली, काळी टेप मारली आणि झाकण बसवलं. बारीक वायर पट्टीतूनच खिडकीपर्यंत नेली. टोकाला एक छोटा बोर्ड. मेन मात्र बंद केला होता, टेस्टर दोनदा लावला होता. तेवढं नागनाथसारखं केलं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. मी लांब उभा राहून बघितलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे लिहिताना लाज वाटते पण वाटलं होतं.

सुनीता आली. गार हवेत उभी राहून म्हणाली, "अय्या! नागनाथभाऊ येऊन गेले वाटतं?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? ती विचारताना इतकी खूश होती. मी केलंय म्हटलं असतं तर तिनं पहिल्यांदा प्लग काढला असता. हे मला त्या क्षणी समजलं होतं आणि तरीही मी हो म्हणालो. म्हणजे मला माझ्या कामाची खात्री नव्हती, पण तिला ती असावी असं मला वाटत होतं.

नागनाथला फोनवर कळवलं की कूलरची आता घाई नाही. बारा-तेरा दिवस सगळं ठीक चाललं. कूलरच्या नव्या गवताला ओला वास असतो, तो घरभर होता. त्याखाली दुसरा कुठला वास असेल तर तो मला आला नाही. मी शोधलाही नाही. मग एका दुपारी सुनीतानं ऋतुजाचा गणवेश इस्त्री करायला घेतला. गार हवेत उभं राहावं म्हणून इस्त्री कूलरच्याच बोर्डावर लावली. तो बोर्ड नागनाथचा होता ना, मग भ्यायचं कशाला? ऋतुजा भिंतीलगत गादीवर झोपली होती. पट्टी वितळून खाली गळायला लागली आणि गादीची कड पेटली. सुनीतानं पोरीला ओढून बाजूला फेकलं आणि हातानंच गादी विझवली. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजली. मी कचेरीत होतो. घरी पोचलो तेव्हा कांबळे सिस्टर तिच्या हाताला पट्टी बांधत होत्या आणि सुनीता एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. "ज्यानं हे केलं त्याला मी परत घरात पाय ठेवू देणार नाही."

तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा नाही सांगितलं आणि मग प्रत्येक तासाला ते अवघड होत गेलं.

नागनाथला कुणीतरी कळवलं. तो संध्याकाळच्या आत आला. या वेळी दुसऱ्या चपला काढल्या नाहीत, अनवाणीच आत आला आणि जळक्या भिंतीसमोर बसला. मेन बंद आहे ना, विचारलं. मग पट्टीचं उरलेलं झाकण नखानं उचललं. आत टेपचा काळा गोळा होता. तो त्यानं बराच वेळ बघितला.

"वैनी, ह्यात हात कुणी घातला?"

सुनीताचा आवाज चढला. "कुणी म्हणजे? तुम्हीच तर बसवून गेलात. मी माढ्याला होते तेव्हा."

"मी?"

"हे म्हणाले ना!"

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ऋतुजा माझं बोट धरून उभी होती. मी कूलरकडं बघत राहिलो. पद्मा दारात उभी होती, ती म्हणाली, "हे नागनाथ अण्णांचं काम नाही हो ताई. अण्णा असं करत नाहीत." सुनीता म्हणाली, "तू गप बस."

नागनाथ उठला. "जोड माझा न्हाय, वैनी," एवढंच म्हणाला आणि निघाला.

मी त्याच्या मागं जिन्यात गेलो. काय बोलणार होतो देव जाणे. तोच बोलला, माझ्याकडं न बघता, पायऱ्या उतरता उतरता. "मालक, पट्टीतली सगळी वायर काडून टाका. आर्धी ठिवू नका. कूलरला अडीचची घ्या, बोर्डापासनं अखंड. पोरगी तितंच झोपती."

त्या महिन्यात आमच्या सोसायटीचं एक मोठं काम त्याला मिळायचं होतं. जिन्यातून लोंबणाऱ्या सगळ्या वायरी आणि सोळाही घरांतल्या, ज्यांना हव्या त्यांच्या, पट्टीत घालायच्या होत्या. नागनाथनं त्यासाठी गावाकडं राशीला जायच्या आधीचा सगळा आठवडा घराघरात बसून फरश्या पुसून घेतल्या होत्या, त्यावरून लोकांनी त्याची चेष्टाही केली होती. एवढं मोठं काम त्यानं आयुष्यात घेतलेलं नव्हतं. ते झालं की ह्या भागातल्या चार इमारती त्याला बोलावणार होत्या.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बैठक झाली. मी सोसायटीचा सचिव. चेअरमन बिराजदार तापट माणूस, पण वाईट नाही. त्यांनी नागनाथला उभं केलं.

"काय नागनाथ, काय म्हणायचंय तुझं?"

"जोड माझा न्हाय."

"तुझा नाही तर काय भिंतीनं बांधला?"

लोक हसले. नागनाथही हसल्यासारखं करून खाली बघत उभा राहिला. बिराजदार माझ्याकडं वळले. "तुमच्या घरी झालं, सचिव. तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "धूर पट्टीतूनच आला."

खरंच आला होता. एवढं खरं बोलून मी खाली बसलो. हिरेमठ काकू म्हणाल्या, "आमचं तर यानंच वाचवलं होतं," पण त्यांचा आवाज मागून होता आणि सुनीताचा बांधलेला हात पुढं होता. काम दुसऱ्याला द्यायचं ठरलं. बैठकीचं प्रोसिडिंग लिहिणं माझं काम. मी लिहिलं: 'नागनाथ वायरमन यांच्या निष्काळजीपणामुळे आग लागल्याने त्यांना यापुढे सोसायटीत कोणतेही काम देऊ नये असे सर्वानुमते ठरले.' माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. सर्वानुमते हा शब्द लिहिताना मी थांबलो होतो. मग लिहिला. नागनाथ तेव्हा तिथंच होता, गाडीची किक मारत होता. ती दोनदा बसली नाही.

गोष्ट इमारतीबाहेर जायला वेळ लागला नाही. चार इमारतींनी बोलावलं नाहीच, पण त्याची जुनी घरंही सुटली. भाजीच्या गाड्यावर एकदा माझ्यासमोरच एक बाई दुसरीला म्हणाली, "तो नको, त्यानं आग लावली होती एकांच्या घरात." मी मेथीची जुडी उलटी-पालटी करत राहिलो.

मला आजही एक कोडं सुटलेलं नाही. त्याला त्या क्षणी सगळं कळलं होतं, माझ्या बायकोच्या तोंडूनच कळलं होतं. तो म्हणू शकला असता, मालक, खरं सांगा. पार्किंगमध्ये म्हणू शकला असता. का नाही म्हणाला? सुरुवातीला वाटायचं, माझी भीड पडली असेल. मग वाटलं, कोण विश्वास ठेवणार म्हणून गप्प बसला असेल. कधी वाटतं, पोरगी बोट धरून उभी होती म्हणून. आणि कधी, रात्री नव्हे, चांगल्या दिवसाढवळ्या फाइल चाळताना वाटतं की तो वाट बघत होता. त्यानं स्वतःच्या भावाकडं जायला अकरा जत्रा घेतल्या होत्या. त्याला वाटलं असेल, हा माणूस येईल. थोडा वेळ लागतो.

गेल्या लग्नसराईत एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, मोहोळच्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयात. मांडवात शिरताना शिडीवर पाठमोरा माणूस दिव्यांच्या माळा बांधत होता. मी ओळखलं. त्यानंही. खाली उतरला. केस पांढरे झाले होते, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.

"मालक! लई दिसानं."

"नागनाथ. कसं चाललंय?"

"चाललंय की. पोरगी कशी हाय? कितवीला?"

"आठवीला."

"आरं तिच्या! आन वैनीचा हात?"

"बरा आहे. डाग राहिलाय."

"ऱ्हातो डाग," तो म्हणाला.

मी विचारलं, "घरांची कामं?"

"घरात कोण बोलवतंय आता." त्यात टोमणा नव्हता, मी नीट ऐकलं. "मांडवाचं बरं हाय. दोन दिसात बांधायचं, दोन दिसात सोडायचं. कुणाच्या घरात ऱ्हात न्हाय आपलं काय."

आता, असं मी मनात म्हटलं. आता बोल. आणि माझ्या तोंडून निघालं, "जेवून जा, नागनाथ."

तो मोठ्यानं हसला. "जेवान कुणाचं, आन आग्रह कोण करतंय! जावा, पंगत बसली तुमची." आणि पुन्हा शिडी चढला. मी जेवलो. परत निघालो तेव्हा दिवस मावळत होता. तो खाली मातीत उकिडवा बसून एक न लागलेली माळ मांडीवर घेऊन दिवे तपासत होता. एकेक फिरवून बघायचा, लागला की पुढचा. मी गाडीपर्यंत गेलो, गाडी चालू केली, तरी त्यानं मान वर केली नाही.

प्रोसिडिंगची वही माझ्याच कपाटात आहे, मी अजून सचिवच आहे. ते पान कुणी पुन्हा वाचलेलं नाही. सुनीता अजून पट्टीवाला कुणीही आला तरी त्याच्याजवळून हलत नाही. हे लिहिलं म्हणून काही फिटलं असं मी मानत नाही. ज्यांना सांगायचं त्यांतलं कुणी हे वाचणार नाही, म्हणूनच कदाचित लिहिता आलं. नागनाथचं मी एवढं देणं लागतो: सुनीताला आणि ऋतुजाला समोर बसवून खरं सांगणं, तेच बिराजदारांसमोर भर बैठकीत उभं राहून सांगणं, आणि त्या पानावरचं माझं वाक्य खोडून त्याच्याखाली माझं नाव लिहिणं. मग मोहोळला जाऊन त्याला ते पान दाखवणं. यांतलं एकही अजून केलेलं नाही.